कळव्याहून सुटणारी टॉसची गाडी: एका हंगामाचा अनुभव

शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्या माणसाला दाणा, औषधे आणि पेट्या या गोष्टी ठाण्यात फारशी यातायात न करता मिळतात. मिळत नाही तो आठवड्यातून एकदोनदा भल्या पहाटे कबुतरे महामार्गाने लांब नेणारा आणि योग्य वेळी सोडणारा विश्वासू माणूस. शर्यतीआधी कबुतराला टप्प्याटप्प्याने दूर नेऊन सोडावे लागते आणि या सरावाला आपल्याकडे सगळेच ‘टॉस’ म्हणतात. पिल्लू गच्चीवर स्थिरावले, थव्याबरोबर अर्धा-पाऊण तास नजरेआड जाऊन परत येऊ लागले, की आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग पंचवीस असे अंतर वाढवत जायचे असते. नोकरी सांभाळून हे जमवणे कठीण असते, आणि स्कूटरच्या मागे टोपली बांधून भिवंडी बायपासपलीकडे जाण्याचा उद्योग मी स्वतः दोन वर्षे केला असल्यामुळे त्याची शिफारस कोणालाही करणार नाही.

म्हणून गेल्या हंगामात, ऑक्टोबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत, मी कळव्याहून सुटणाऱ्या एका टॉसच्या गाडीची सेवा घेतली. या गाडीला नाव नाही, पाटी नाही, छापील कार्डही नाही. एक छोटा हत्ती, त्याच्या हौद्यात लोखंडी कप्पे ठोकून बसवलेल्या बारा टोपल्या, वर ताडपत्री, आणि चालवणारे गृहस्थ स्वतः पंधरा-वीस वर्षे कबुतरे पाळत आलेले. खारेगाव, कळवा, विटावा आणि ऐरोली येथील कबुतरवाल्यांकडे चौकशी केली तर त्यांचा पत्ता कोणीही सांगेल. मागील हंगामातले दर कबुतरामागे असे होते: पडघ्यापर्यंत 15 रुपये, शहापूरपर्यंत 25, कसाऱ्यापर्यंत 40 आणि इगतपुरीपर्यंत 55. एका वेळी किमान दहा कबुतरे द्यावी लागतात आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत कळवावे लागते. मी एकोणीस फेऱ्या केल्या आणि माझा एकूण खर्च सुमारे साडेअकरा हजार रुपये झाला. पावती मिळत नाही. हिशेब वहीत लिहिला जातो आणि महिनाअखेरीस चुकता केला जातो.

गाडी पहाटे साडेचारला नाक्यावर येते. कबुतरे घेण्याची त्यांची पद्धत मला पहिल्याच दिवशी पटली. आपण आपल्या पेटीतून एकेक कबूतर काढून द्यायचे, ते त्यांनी एका हातात घ्यायचे, दोन्ही पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, अंगठा पाठीवर पंखांच्या टोकांवर, आणि डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात पायातल्या कड्याचा क्रमांक मोठ्याने वाचायचा. त्यांचा मुलगा तो वहीत लिहून घेतो. हे कडे पिल्लू साधारण आठवड्याचे असताना चढवलेले असते. पुढची तीन बोटे जुळवून त्यांवरून सरकवायचे आणि मागचे बोट त्यातून ओढून घ्यायचे. नंतर पाय वाढतो आणि ते अखंड कडे कापल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे वहीतला क्रमांक ही त्या कबुतराची खरी ओळख असते. क्रमांक वाचून झाला की ते कबुतराच्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवतात. एकदा त्यांनी माझी एक चेकर, म्हणजे पंखांवर चौकड्यांची नक्षी असलेली, मादी तिथल्या तिथे परत दिली. “काका, ही आज-उद्या अंडं घालेल. हिला नेत नाही.” घरी पाहिले तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिले अंडे पडले. चाळीस रुपयांचे भाडे सोडून मादी परत करणारा माणूस धंद्यापेक्षा कबूतर अधिक ओळखतो, एवढे माझ्या लक्षात आले.

टोपल्या वेताच्या असून तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि साधारण नऊ इंच उंच आहेत. उंची एवढीच हवी. जास्त असली तर कबुतरे एकमेकांच्या पाठीवर चढतात आणि पिसे मोडतात. एका टोपलीत ते अठरा कबुतरे भरतात. माझ्या मते वीस ही कमाल मर्यादा असावी, त्यामुळे हे ठीक आहे. मात्र दिवाळीच्या सुमारास मागणी वाढली तेव्हा मी एका टोपलीत चोवीसही मोजली आहेत. कबुतराला घाम येत नाही, ते चोच उघडून आणि गळा थरथरवून अंगातली उष्णता बाहेर टाकते, आणि दाटीवाटीच्या टोपलीत ते गाडी सुटायच्या आधीच दमलेले असते. सहा कबुतरांचे जादा भाडे आणि एका टोपलीतल्या सगळ्या पाखरांची अर्धी ताकद, हा सौदा परवडणारा नाही.

या सेवेचे मूल्यमापन करताना गाडी, दर आणि टोपल्या या गोष्टींना मी एकत्र मिळून निम्मे गुण देईन. उरलेले निम्मे गुण एकाच प्रश्नाचे आहेत: टोपलीचे दार किती वाजता उघडले? आपल्याकडे कबुतरे ईशान्येकडून येतात. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, म्हणजे शहापूर-कसाऱ्याहून निघालेल्या पाखराला तो पाठीमागून मिळतो. ऊन तापले की दुपारकडे समुद्रावरून वारा आत येऊ लागतो आणि तेच पाखरू वाऱ्याच्या तोंडावर पडते. साडेसातला सोडलेले आणि साडेअकराला सोडलेले कबूतर अंतर तेवढेच कापते, पण दुसऱ्याला समोरचा वारा, ऊन आणि तापलेल्या हवेवर घिरट्या घालणाऱ्या घारी अशा तिन्ही गोष्टींना तोंड द्यावे लागते.

माझी तक्रार नेमकी याच बाबतीत आहे आणि ती मी आडपडदा न ठेवता लिहितो. दिवाळीनंतरच्या रविवारी माझी बावीस कबुतरे कसाऱ्यासाठी गेली. सुट्टी संपवून परतणाऱ्या गाड्यांमुळे राजनोली नाक्यापासून पुढे रस्ता तुंबला होता. कबुतरे सोडतानाचा साडेसातला अपेक्षित असलेला व्हिडिओ नऊ वाजले तरी आला नाही, फोन लागला नाही, आणि अखेरीस व्हिडिओ आला तो अकरा वाजून वीस मिनिटांनी सोडल्याचा. त्या दिवशी आमच्या खारेगावात उन्हाने डोके तापत होते. मी गच्चीवर दुपारी साडेचारपर्यंत बसलो. पहिले कबूतर दोन वाजून दहा मिनिटांनी आले, थेट खुराड्यात न शिरता पाण्याच्या टाकीच्या कडेवर बसले आणि बराच वेळ चोच उघडी ठेवून तसेच राहिले. संध्याकाळपर्यंत चौदा आली, दुसऱ्या दिवशी तीन आली, त्यांपैकी एकाच्या छातीवर तारेने कापल्यासारखी जखम होती. पाच आलीच नाहीत. त्यांत पहिल्या पिढीपासून जपलेल्या जोडीचा एक निळा पट्टेदार नर होता.

मी त्याच रात्री त्यांच्या घरी गेलो. त्यांचे म्हणणे असे होते की, चार मालकांची कबुतरे गाडीत होती, परत आणायची तर पुन्हा त्याच कोंडीत, भर दुपारी, बंद टोपल्यांत आणावी लागली असती, आणि त्यात काही गुदमरलीही असती. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीही कसाऱ्यापर्यंत जाण्याचा हट्ट चुकीचा होता. वाटेत शहापूरला थांबून तिथेच सोडता आले असते, अंतर 45 किलोमीटरवर आले असते आणि बहुतेक सगळी पाखरे दुपारच्या आत घरी पोहोचली असती. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “नाक्यावरूनच मागं फिरायला पाहिजे होतं. माझ्या घरची सहा होती त्यात, तीन नाही आली.” भरपाई त्यांनी देऊ केली नाही, मी मागितलीही नाही, टॉसमध्ये हरवलेल्या पाखराची भरपाई मागण्याची रीत नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी एक नियम घातला आणि तो मार्चपर्यंत पाळला: साडेनऊनंतर शहापूरच्या पुढे एकही टोपली उघडायची नाही, उशीर झाला तर जवळच्या टप्प्यावर सोडायचे किंवा परत आणायचे, आणि त्या फेरीचे अर्धेच भाडे घ्यायचे.

हा नियम कागदावर राहिला नाही, याची खात्री मला जानेवारीत पटली. सकाळी आठच्या सुमारास त्यांचा फोन आला. “काका, आज सोडत नाही अजून. घाटाखाली धुकं आहे, समोरची डोंगराची रेघ दिसत नाही.” साडेआठपर्यंत ते थांबले, धुके हलले नाही, तेव्हा गाडी मागे वळवून खर्डीच्या अलीकडे मोकळ्या माळावर आले, तिथे अर्धा तास टोपल्या उन्हाला ठेवल्या आणि मग सोडले. त्या दिवशी माझी अठराच्या अठरा कबुतरे साडेदहाच्या आत परत आली. धुक्यात आणि गच्च ढगांत सोडण्याचे धाडस न करणे हा नुसता अनुभवाचा भाग नाही. कबूतर दिशा ठरवण्यासाठी सूर्याचा आधार घेते आणि सूर्य झाकलेला असला तर पृथ्वीच्या चुंबकत्वाचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विल्यम कीटन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अंगावर छोटे चुंबक बांधलेली अनुभवी कबुतरे स्वच्छ उन्हात नीट घरी परतली, पण ढगाळ हवेत त्यांची दिशा चुकली. आमच्या चालकाने कीटन यांचे नाव ऐकले असण्याची शक्यता कमी आहे. डोंगराची रेघ दिसत नसेल तर दार उघडायचे नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि मला तेवढे पुरते.

डिसेंबरमध्ये एकदा सुट्टी काढून मी स्वतः गाडीतून कसाऱ्यापर्यंत गेलो. सेवा घेणाऱ्या प्रत्येकाने हे निदान एकदा करावे. गाडी सातच्या थोडे आधी पोहोचली. त्यांनी ताडपत्री सोडली, टोपल्या उतरवून जमिनीवर एका रेषेत, दारे नैर्ऋत्येकडे करून मांडल्या आणि पस्तीस मिनिटे कोणी काही केले नाही. सुरुवातीला आतून नखांचा आणि गुरगुरण्याचा आवाज येत होता, तो हळूहळू थांबला. वेताच्या फटींतून एका मादीचा नारिंगी डोळा वर आकाशाकडे लागलेला दिसत होता. तिच्या चोचीच्या मुळाशी असलेला पांढरा फुगवटा कोरडा, पिठूळ होता, म्हणजे तब्येत उत्तम. चालकाने वर पाहिले, डावीकडच्या कड्यांकडे बराच वेळ पाहिले, एक पट्टी ओढली आणि सगळी दारे एकदम खाली पडली. क्षणभर कोणीच हलले नाही. मग ओल्या कपड्याची चौघडी झटकावी तसा एकच आवाज झाला आणि समोर फक्त रिकाम्या टोपल्या आणि हवेत तरंगणारी बारीक पिसे उरली. थव्याने आमच्या डोक्यावर अडीच फेऱ्या मारल्या, तिसरी अर्धी टाकली आणि ठाण्याच्या दिशेने रेष धरली. घरी माझ्या पत्नीने वेळ लिहून ठेवली होती: सात पस्तीसला सुटलेले पहिले कबूतर आठ सदतीसला खुराड्यात शिरले. माझ्या गच्चीपासून ते ठिकाण सरळ रेषेत साधारण 70 किलोमीटर भरते, म्हणजे मिनिटाला सुमारे 1,129 मीटर. शर्यतीत निकाल असाच, मिनिटाला किती मीटर या हिशेबाने लागतो, कारण प्रत्येकाचे घर सोडण्याच्या जागेपासून वेगवेगळ्या अंतरावर असते आणि आधी पोहोचलेले पाखरू जिंकेलच असे नाही. ज्यांच्याकडे चिपचे कडे आणि दारातल्या पट्टीवर वेळ नोंदवणारे यंत्र आहे, त्यांना लिहिण्याचीही गरज नाही. आमच्या घरी अजून वही आणि भिंतीवरचे घड्याळ आहे.

मकरसंक्रांतीच्या आगेमागे त्यांनी आपणहून आठवडाभर गाडी बंद ठेवली, हेही नोंदवले पाहिजे. नायलॉनच्या मांज्यावर बंदी असली तरी भिवंडीपासून कळव्यापर्यंत त्या दिवसांत आकाशात काय ताणलेले असते, हे सर्वांना माहीत आहे. तारांबाबतही ते दक्ष आहेत. पडघ्याचे वीज उपकेंद्र मोठे आहे, चंद्रपूरहून येणारी उच्च दाबाची वाहिनीही तिथेच संपते आणि त्या परिसरात मनोऱ्यांची दाटी आहे. पडघ्याच्या टप्प्यासाठी ते गावाच्या अलीकडे, तारांपासून बाजूला असलेल्या माळावर सोडतात. नवशिके पिल्लू टोपलीतून घाबरून उसळते तेव्हा पहिल्या शंभर फुटांत वर काय आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र ही सेवा कमी पडते. वेगवेगळ्या घरांची कबुतरे एका टोपलीत भरली जातात. कबुतरवाल्यांना यातला धोका सांगायला नको: घशात पिवळा थर धरणारा कँकर, मान मुरगळवणारा पॅरामिक्सो, पावसाळ्याच्या अखेरीस डासांमुळे फैलावणारी देवी. यांतला एखादा पाहुणा एका टोपलीतून पाच घरांत पोहोचू शकतो. सुरुवातीच्या दोन महिन्यांत पाण्याची पन्हळही सगळ्या टोपल्यांना एकच होती, ती एकीची काढून दुसरीला लावली जाई. मी आणि ऐरोलीच्या दोघा मित्रांनी आग्रह धरल्यावर प्रत्येक टोपलीला वेगळी पन्हळ आली, पण टोपल्यांच्या तळाशी घातलेला लाकडी भुसा अजूनही फेरीगणिक बदलला जात नाही. मी आता स्वतःची टोपली देतो, तिला माझे छोटे कुलूपवजा हुक आहे, आणि तिच्यासाठी दर फेरीला वीस रुपये जादा मोजतो. ज्यांना हे जमत असेल त्यांनी तसेच करावे. लसीकरण न झालेले पाखरू कोणाच्याही सामायिक टोपलीत देऊ नये आणि चालकांनीही ते घेऊ नये. सध्या ते याबद्दल विचारत नाहीत.

भुशाबद्दल आणखी एक. टोपल्या झाडताना चालक आणि त्यांचा मुलगा तोंडाला काहीच बांधत नाहीत. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांच्या भुकटीची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुफ्फुसाला कायमची सूज येऊ शकते, आणि हा आजार डॉक्टरांना कबुतरवाल्यांच्या नावानेच ठाऊक आहे. मी त्यांना मास्कचा डबा दिला. तो गाडीच्या काचेशेजारी तसाच बंद आहे.

मार्गाविषयी माझा आक्षेप सौम्य आहे. ही गाडी केवळ मुंबई-आग्रा महामार्गाने जाते. कबुतरे ओळखीच्या भागात रस्ते, रेल्वेमार्ग आणि नद्यांच्या रेषा धरून उडतात, हे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2004 मध्ये कबुतरांच्या पाठीवर स्थाननोंदणीची यंत्रे बसवून दाखवले होते. एकाच वाटेवरून दहा वेळा आलेले पाखरू ती वाट शिकते, आणि शर्यतही त्याच दिशेने असेल तर हे फायद्याचे आहे. पण वाऱ्याने बाजूला फेकले गेल्यावर स्वतः दिशा शोधण्याची सवय त्याला लागत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्या तरी मुरबाडच्या बाजूने केल्या तर बरे, असे मी सुचवले. डिझेलच्या हिशेबात ते बसत नाही, असे उत्तर मिळाले, आणि बारा टोपल्यांच्या धंद्यात ते मला पटते.

इगतपुरीची फेरी ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी मी ही सेवा सरसकट सुचवणार नाही. अंतर पाहिले तर कसाऱ्यापेक्षा सरळ रेषेत जेमतेम दहा किलोमीटर जास्त. पण इगतपुरी सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि मध्ये थळ घाट आहे. घाटाच्या कड्यांवर शाहीन ससाण्यांचे बारमाही वास्तव्य असते आणि हिवाळ्यात उत्तरेकडून बहिरी ससाणेही येतात. वरून झेपावणाऱ्या बहिरी ससाण्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. त्यापुढे माझ्या मिनिटाला अकराशे मीटरवाल्या मादीचे काय चालणार? घाटमाथ्यावर सोडताना एका वेळी सगळ्या टोपल्या उघडून मोठा थवा करणे, कड्यांपासून शक्य तितके दूर जाणे, आणि ससाणा दिसला तर तास-दीड तास थांबणे, एवढेच माणसाच्या हातात आहे. आमच्या चालकांनी फेब्रुवारीत दोन फेऱ्या केल्या. पहिलीत माझी दोन गेली, दुसरीत सगळी आली. वरच्या टप्प्यावर थांबण्याची त्यांची तयारी कसाऱ्याइतकी दिसली नाही, कारण परतीला उशीर होतो आणि दुपारी त्यांना गाडीला दुसरे भाडे असते. इगतपुरीसाठी मी यापुढे स्वतः बरोबर जाईन किंवा पाठवणार नाही.

हंगामाच्या सुरुवातीला माझ्याकडे सरावाला घातलेली सव्वीस कबुतरे होती, मार्चमध्ये एकोणीस उरली. स्कूटरच्या काळात मी याहून जास्त गमावली होती आणि तेही पडघ्याच्या पुढे न जाता. जी एकोणीस उरली, त्यांत घरट्यात पाच दिवसांचे पिल्लू असलेल्या एका मादीने कसाऱ्याहून सर्वांत कमी वेळ घेतला. त्या वयाच्या पिल्लाला आईबाप दोघेही घशाखालच्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या पदार्थावर पोसतात आणि आई बाहेर असली की तिची ओढ वाढते, हे जुन्या कबुतरवाल्यांना माहीत असते. पण हा डाव एका मादीवर एकदाच खेळावा, कारण ती वाटेत अडकली तर पिल्लाचा सगळा भार नरावर पडतो.

ज्यांना पुढील हंगामासाठी ही गाडी लावायची असेल त्यांनी गणपतीनंतर लगेच जागा सांगून ठेवावी, कारण दिवाळीपर्यंत बाराही टोपल्या भरलेल्या असतात. पहिल्या फेरीला पिल्ले एकटी न देता दोन-तीन अनुभवी कबुतरांबरोबर द्यावीत आणि आदल्या संध्याकाळी दाणा निम्मा ठेवावा. साडेसातचा व्हिडिओ आला नाही तर फोन करावा. आता ते उचलतात. मी सप्टेंबरअखेरपासून कसाऱ्यापर्यंतच्या फेऱ्यांसाठी माझी टोपली त्यांच्याकडे पुन्हा देणार आहे, आणि या वेळी तिच्या दारावर साडेनऊचा नियम मोठ्या अक्षरांत लिहून देणार आहे.